हेराच्या खिशातले पिस्तूल

हेर म्हटला की त्याच्या कोटाच्या आत पिस्तूल असलेच पाहिजे, अशी आपल्या सर्वांचीच एक समजूत होऊन बसली आहे. ती कादंबऱ्यांनी करून दिली आणि चित्रपटांनी घट्ट केली. या समजुतीत खरे किती आणि रंगविलेले किती, याचा थोडा हिशेब आम्ही येथे आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय ऐकून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. जिन-प्रेसमधल्या कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाने मजुरी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलावे. पिस्तुलांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आम्ही शेवटी सांगू. आधी विषय नीट समजून घेऊ.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते यवतमाळच्या वाचनालयात आणि रोजाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका लहानशा दुकानात झाले. त्या दुकानात आम्हांला बाबूराव अर्नाळकर भेटले. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचे धनंजय आणि छोटू यांनी आमच्या आधीच्या दोन पिढ्यांना झपाटले होते, आणि आम्हांलाही सोडले नाही. एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, ही गोष्ट मराठीतच घडली. त्यांच्या पाठोपाठ गुरुनाथ नाईक आले. रात्री कंदिलाच्या उजेडात ही पुस्तके वाचावयाची आणि सकाळी सागाच्या फळकुटाचे पिस्तूल तासून गल्लीत हेर-हेर खेळावयाचे, हा आमचा क्रम होता. जो हेर होई त्याच्या हाती पिस्तूल असे. बाकीच्यांनी नुसते मरावयाचे. या खेळात एक मोठी चूक होती, ती कळावयास आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली.

प्रथम शस्त्राची ओळख करून घेऊ. हातात धरून झाडावयाच्या शस्त्रांचे मुख्य प्रकार दोन. एक रिव्हॉल्व्हर, दुसरे पिस्तूल. बोलताना आपण दोहोंनाही पिस्तूल म्हणतो, पण त्यांची रचना वेगळी आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच, सहा किंवा सात घरांचे एक गोल भांडे असते. चाप ओढला की भांडे एक घर पुढे फिरते, नवे काडतूस नळीसमोर येते आणि घोडा त्याच्या बुडावर आपटतो. रचना साधी आणि भरवशाची. पण त्या गोल भांड्यामुळे शस्त्र मध्ये जाड होते आणि कपड्याखाली फुगून दिसते.

दुसऱ्या प्रकारात काडतुसे मुठीच्या पोकळीतल्या एका चपट्या पेटीत, एकावर एक, स्प्रिंगवर बसविलेली असतात. गोळी सुटताना मागे जो धक्का बसतो तो फुकट न घालविता कामाला लावलेला असतो. त्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना पेटीतले नवे काडतूस नळीत ढकलतो. माणसाने फक्त चाप ओढावयाचा. भरण्याचे काम यंत्रच करते. हे शस्त्र चपटे असते, खिशात मावते, पटकन भरता येते. चोरून शस्त्र बाळगावयाचे असेल तर हेच सोयीचे, हे उघड आहे.

हे चपटे पिस्तूल जगभर पसरविण्याचे श्रेय जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराकडे जाते. त्याची पिस्तुले बेल्जियममध्ये लीजजवळच्या हेर्स्ताल गावातील कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९०० च्या सुमारास युरोपच्या बाजारात आली. त्यांचा खप एवढा झाला की युरोपात कित्येक ठिकाणी ब्राउनिंग हे नाव पिस्तूल या अर्थानेच वापरले जाऊ लागले. १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले. तो खूनही याच कारखान्यातल्या ब्राउनिंगने झाला.

पण या ब्राउनिंगचा आणि महाराष्ट्राचा संबंध साराजेव्होच्याही आधीचा आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र जवळ बाळगता येत नसे. फेब्रुवारी १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह मुंबईस पाठविली. लंडनच्या इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परत येत होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ करून त्यात ती दडविलेली होती. त्यांतलेच एक पिस्तूल नाशिकास पोहोचले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने ते झाडले. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. पुढे सावरकरांना दोन जन्मठेपांची शिक्षा झाली.

या प्रकरणाबद्दल मते अनेक आहेत. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आम्हांला त्यातली एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवावयाची आहे. पिस्तुले समुद्र ओलांडून आली, बंदरावरची तपासणी चुकवून आली. लोखंडाने कोणाला दगा दिला नाही. सारा डाव उघडा पडला तो माणसांच्या तोंडून. ज्याच्या पेटीतून पिस्तुले आली तो चतुर्भुजच खटल्यात माफीचा साक्षीदार झाला.

त्याच इंडिया हाउसमधली दुसरी एक हकिकत सावरकरांचे चरित्रकार सांगतात. कीर्तिकर नावाचा एक मराठी गृहस्थ तेथे विद्यार्थी म्हणून राहत असे आणि आतल्या बातम्या स्कॉटलंड यार्डला पुरवीत असे. तो उघडकीस आला. रहस्यकथेत येथे एक गोळी सुटली असती आणि प्रकरण संपले असते. प्रत्यक्षात त्याला तेथेच राहू दिले. मात्र पुढे त्याचे अहवाल सावरकरांच्या नजरेखालून जाऊ लागले. शत्रूचा हेर ठार केला तर शत्रू दुसरा पाठवितो. तो आपल्या मुठीत ठेवला तर शत्रूच्या कानात काय जावयाचे ते आपण ठरवितो. हेरगिरीचे खरे शस्त्र कोणते, याचे उत्तर या लहानशा हकिकतीत आहे. ते शस्त्र म्हणजे कागद.

आता कादंबरीतल्या हेराकडे वळू. जगातला सर्वांत गाजलेला हेर म्हणजे जेम्स बाँड. त्याचा जनक इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यात होता, पण त्याचे काम बहुतेक टेबलाशी बसून चालणारे होते. १९५३ साली पहिली कादंबरी निघाली तेव्हा त्याने बाँडच्या हाती बेरेटा नावाचे एक अगदी लहान इटालियन पिस्तूल दिले. हे नाव मराठी माणसाने मात्र कादंबरीतून ऐकले नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या बेरेटाच्याच एका मोठ्या पिस्तुलातून, आणि झाडणारा मराठी होता. त्या दिवसानंतर महाराष्ट्रात काय काय झाले ते आपल्यातल्या वडीलधाऱ्या घरांना ठाऊक आहे. म्हणून आम्हांला कादंबरीत बेरेटा हे नाव भेटले की मजा वाटत नाही.

फ्लेमिंगला १९५६ साली एक पत्र आले. लिहिणारा जेफ्री बूथरॉइड हा ग्लासगोकडचा शस्त्रांचा शौकीन होता. त्याचे म्हणणे असे की, आपला नायक ठीक आहे, पण त्याचे पिस्तूल बायकी आहे. फ्लेमिंगने टीका मनावर घेतली. १९५८ च्या 'डॉक्टर नो' या कादंबरीत वरिष्ठांनी बाँडची बेरेटा काढून घेतली आणि त्याला वॉल्थर पीपीके हे जर्मन पिस्तूल दिले. ते देणाऱ्या शस्त्राधिकाऱ्याचे नाव लेखकाने ठेविले मेजर बूथरॉइड. वाचकाच्या पत्राची एवढी कदर करणारे लेखक थोडे!

वॉल्थर पीपीके हे काही कल्पनेतले शस्त्र नव्हे. १९३१ च्या सुमारास ते जर्मनीत, साध्या वेषात फिरणाऱ्या पोलिसांसाठी तयार झाले. लांबी वीतभराहून कमी, पेटीत सात काडतुसे. काडतूस ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे त्याच ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास तयार केलेले. त्याचा एक गुण असा की नळीत काडतूस ठेवून घोडा खाली असला तरी पहिली गोळी नुसता चाप लांब ओढून सुटते. खिशातून काढून लगेच झाडावयाचे तर ही मोठी सोय. युरोपातल्या कित्येक पोलीस दलांनी ते वर्षानुवर्षे वापरले. हिटलरने बंकरमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली तीही वॉल्थरचीच, असे इतिहासकार सांगतात.

आणि आता त्या चित्राची गोष्ट ऐका. काळ्या पोशाखातला बाँड, हात छातीवर घेतलेले आणि गालाजवळ लांब नळीचे पिस्तूल, हे चित्र आपण भिंतींवर पाहिले असेल. १९६३ च्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ती छायाचित्रे काढावयाची होती. पण ऐन वेळी वॉल्थर पीपीके आणावयाचे राहून गेले. छायाचित्रकाराकडे स्वतःचे एक एअर-पिस्तूल होते. हवेच्या दाबाने छर्रा उडविणारे, जत्रेत फुगे फोडावयास असते त्या जातीचे. कारखाना मात्र वॉल्थरचाच. तेच नटाच्या हाती दिले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हेराचे सर्वांत प्रसिद्ध पिस्तूल हे असे फुगे फोडावयाचे निघाले! २०१० साली लंडनच्या लिलावात ते पावणेतीन लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले.

चित्रपटातली दुसरी एक समजूत आवाजाविषयीची. हेर पिस्तुलाच्या तोंडाला एक नळकांडे पिळतो, 'फुस्' असा आवाज होतो, आणि पलीकडच्या खोलीतला पहारेकरी चहा पीत राहतो. त्या नळकांड्याला सायलेन्सर म्हणतात. हा शब्द आपल्याला मोटरसायकलीमुळे ठाऊक आहे, आणि तत्त्वही तेच आहे. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ साली, म्हणजे नाशिकच्या प्रकरणाच्याच वर्षी, त्याचे पेटंट घेतले. दारूचा तापलेला वायू नळीतून एकदम बाहेर फुटतो म्हणून बार होतो. त्या वायूला मध्ये खोल्याखोल्यांतून फिरवून थंड आणि संथ केला की आवाज उतरतो. उतरतो म्हणजे नाहीसा होत नाही. गोळी आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, जोरात गेली तर तिचा वेगळा कडाका हवेत उठतोच. शिवाय सरकत्या भागाचा खटका असतोच.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणे तर बहुधा व्यर्थ. कारण फिरते भांडे आणि नळी यांच्यामध्ये फट असते आणि वायू तेथूनच बाहेर पडतो. याला अपवाद रशियातल्या जुन्या नागां रिव्हॉल्व्हरचा. त्यात घोडा चढताना भांडे पुढे सरकून ती फट बुजविते. पुढच्या वेळी पडद्यावर साध्या रिव्हॉल्व्हरला नळकांडे लावलेले दिसले, तर शेजाऱ्याला एवढे अवश्य सांगा.

ज्यांना खरोखर मूक शस्त्र हवे होते त्यांनी काय केले? दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात घातपात घडविण्यासाठी ब्रिटनने एक गुप्त खाते काढले होते. त्या खात्यासाठी वेल्विन गावच्या प्रयोगशाळेत 'वेलरॉड' नावाचे पिस्तूल तयार झाले. त्याचे सायलेन्सर नळीभोवतीच बांधलेले होते. खटका होऊ नये म्हणून सरकता भागच काढून टाकलेला. प्रत्येक गोळीनंतर मागचा दट्ट्या हाताने ओढावयाचा. मूठ काढून ठेविली की उरलेला भाग सायकलच्या पंपासारखा दिसे. त्यावर कारखान्याचे नाव नव्हते. दिसावयास ते ओबडधोबड होते. एखाद्या नायकाच्या हाती कोणी ते देणार नाही. खऱ्या हेराचे शस्त्र असे असते. ते ओळखू येता कामा नये, आणि सापडले तर कोणाचे ते कळता कामा नये.

कामगार म्हणून आम्हांला सर्वांत जवळची वाटते ती 'लिबरेटर' पिस्तुलाची कथा. १९४२ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अँडरसन गावी मोटारींचे दिवे करणारा एक कारखाना होता. त्याला सरकारी काम मिळाले. पत्रा ठोकून एक-गोळीचे पिस्तूल करावयाचे, किंमत सुमारे दोन डॉलर, आणि नग दहा लाख. ते शत्रूच्या ताब्यातल्या देशांत विमानातून टाकावयाचे होते. गुपित राहावे म्हणून कागदोपत्री त्याला उजेडाचे बाण सोडावयाचे साधन म्हटले. नकाशांवर नळीला, चापाला, सगळ्यांना भलतीच नावे दिली. दहा लाख नग काही महिन्यांत तयार झाले. एक गोळी झाडून पुन्हा भरावयास जेवढा वेळ लागे त्याहून कमी वेळात कारखान्यातून नवे पिस्तूल बाहेर पडे, असे म्हणतात. पण ते फारसे वापरलेच गेले नाही. युद्धानंतर बहुतेक नग मोडून टाकण्यात आले. ज्या हातांनी ते केले त्यांना आपण काय करतो आहोत हे नीट सांगितलेही नव्हते. श्रमिकाला आपल्या श्रमाचा अर्थ न सांगणे ही गोष्ट फक्त युद्धात घडते असे नाही, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही जिनातला माणूस सांगेल.

आता दोन खऱ्या माणसांची तुलना करू. १ मे १९६० रोजी अमेरिकेचे टेहळणी करणारे यू-टू विमान रशियाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले. वैमानिक गॅरी पॉवर्स पॅराशूटने उतरला. त्याच्यापाशी सायलेन्सर बसविलेले पिस्तूल होते. खाली शेतातली माणसे जमली. पिस्तुलाचा काही उपयोग झाला नाही. मॉस्कोतल्या खटल्यात ते पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडले! दुसरा माणूस न्यूयॉर्कमध्ये चित्रकार म्हणून राहणारा रशियाचा हेर रुडॉल्फ आबेल. १९५३ साली तेथल्या एका वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराच्या हातून पाच सेंटांचे नाणे जिन्यावर पडले आणि दुभंगले. आत इवलीशी फिल्म आणि तीवर आकड्यांच्या ओळी. हे नाणे आबेलच्या एका सहायकाच्या हातून चुकून खर्ची पडलेले होते. तो सहायक फुटला तेव्हा १९५७ साली आबेल सापडला. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनमधल्या एका पुलावर या दोघांची अदलाबदल झाली. एकाचे साधन पिस्तूल, दुसऱ्याचे पोकळ नाणे. आबेलला वर्षानुवर्षे लपवून ठेविले ते नाण्याने, आणि पकडून दिले तेही एका माणसाच्या तोंडानेच.

तिसऱ्या माणसाचे नाव निकोलाय खोखलोव. १९५४ च्या फेब्रुवारीत त्याला रशियाच्या गुप्तहेर खात्याने एका विरोधकाच्या खुनासाठी फ्रँकफुर्टला पाठविले. शस्त्र होते सिगारेटच्या डबीत बसविलेले, विजेच्या खटक्याने चालणारे आणि जवळजवळ आवाज न करणारे. खोखलोव त्या विरोधकाच्या दारी गेला, बेल वाजविली, आणि आपण तुमच्या खुनासाठी आलो आहोत व तो करणार नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले. हे काम करू नये असे आपल्या पत्नीने आपल्याला बजावले होते, असे त्याने पुढे सांगितले. तो वाचला, विरोधक वाचला. मागे राहिलेल्या पत्नीला मात्र शिक्षा भोगावी लागली. या तिसऱ्या गोष्टीतले सर्वांत मोठे धैर्य कोणाचे, हे आपणच ठरवा.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हेरगिरीचे एक मोठे प्रकरण घडले. दुसऱ्या महायुद्धात गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. मुरगाव बंदरात तीन जर्मन व एक इटालियन जहाज आसऱ्याला उभे होते. त्यांतल्या 'एरनफेल्स' जहाजावरून आपल्या बोटींची बातमी जर्मन पाणबुड्यांना जाते, असा इंग्रजांचा संशय होता. तटस्थ मुलखात उघड हल्ला करणे शक्य नव्हते. १९४२ च्या अखेरीस दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी पणजीतून कोख नावाच्या जर्मन हेराला त्याच्या पत्नीसह पळवून नेले. मग ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याचे काही हौशी, प्रौढ वयाचे घोडदळ-स्वयंसेवक एका गाळ काढणाऱ्या बोटीतून मुरगावात शिरले. चकमक झाली, एरनफेल्सचा कप्तान मारला गेला, आणि शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा बरे म्हणून खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडविली. या मोहिमेची हकिकत १९७८ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. १९८० साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि त्यात एका अधिकाऱ्याचे काम केले ते त्या वेळी बाँड म्हणून गाजत असलेल्या रॉजर मूरने! पस्तीस वर्षे तोंड मिटून बसलेल्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना अखेर पडद्यावर बाँडचा चेहरा मिळाला. गोळ्या झाडल्या गेल्या त्या एका रात्री. खरे काम होते ते पस्तीस वर्षांच्या मौनाचे.

आता आमचा संबंध.

१९९८ च्या हंगामात पांढरकवड्याकडच्या एका जिनात आम्ही गाठीमागे दर वाढवून मागत होतो. सभा रात्री एका खोलीत होत. चार सभा झाल्या. चारही वेळा आत जे ठरले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मालकाला ठाऊक असे. आमच्यात कोणी फितूर आहे हे उघड झाले. संशय गेला प्रेसवरच्या एका अबोल माणसावर. तो खिशात एक लहान वही बाळगी आणि कोपऱ्यात बसून तीत काही लिही. शिवाय तो वरचेवर मुकादमाच्या खोलीवर जाई. आम्हांला एवढे पुरे झाले. आम्ही त्याला काही विचारले नाही. फक्त त्याच्याशी बोलणे थांबविले. तो आला की बोलता बोलता गप्प होऊ लागलो.

अशात एका रात्री एक तरुण आला. तीन आठवड्यांपूर्वीच संघटनेत आलेला, बोलण्यात सर्वांत जहाल. दार लावून त्याने पंचातून देशी कट्टा काढला आणि सतरंजीवर ठेविला. "भाऊ, फितुराले एकदा नुसता दाखवू, थो बराबर बोलते," तो म्हणाला. खोलीत आम्ही चौघे होतो. खरे सांगावयाचे तर क्षणभर आमच्याही मनात तो सागाच्या फळकुटाचा खेळ जागा झाला. हात पुढे गेला नाही, एवढेच. आम्ही त्याला ते उचलून ताबडतोब निघून जावयास सांगितले. तो कट्टा येथेच राहू द्या म्हणत होता. आम्ही ऐकले नाही. पहाटे पोलीस आले आणि त्यांनी सतरंजी उचलून, फरशी ठोकून ती खोली तपासली. काही सापडले नाही. तो तरुण त्या दिवसापासून पुन्हा दिसला नाही. आमच्यापाशी पुरावा नाही, म्हणून आम्ही याहून अधिक काही म्हणत नाही.

पुढे वाचनात आम्हांला येवनो अझेफ भेटला. रशियातल्या क्रांतिकारकांच्या सशस्त्र तुकडीचा हा प्रमुख. १९०४ साली गृहमंत्री प्लेव्हेच्या खुनाची योजना त्याच्या देखरेखीखाली झाली, आणि त्याच वेळी तो पोलिसांचा पगार घेत होता. १९०९ च्या प्रारंभी हे जगजाहीर झाले तेव्हा त्याच्या साथीदारांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. तो वाचताना आम्हांला ती सतरंजी आठवली.

आणि ती वही? हंगाम संपल्यावर आम्ही त्या प्रेसवाल्याच्या घरी गेलो. वहीत होते सावकाराला दिलेले हप्ते आणि संघटनेला दिलेली वर्गणी, तारीखवार. मुकादमाच्या खोलीवर तो जाई कारण टेलिफोन तेथेच होता आणि त्याची बायको नागपूरला इस्पितळात होती. आम्ही हात जोडले. तो म्हणाला, "भाऊ, तुमी मले एकदा इचारलं असतं तं म्या वही दाखवली असती." एवढेच म्हणाला. पुढल्या हंगामात तो दुसऱ्या तालुक्यात कामाला गेला. आमच्या संघटनेत तो पुन्हा आला नाही. त्याच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती, तरी संशयाने एका माणसाला आमच्यातून नेले.

म्हणून पिस्तुलाच्या गोष्टी आम्ही आजही आवडीने वाचतो, पण वेगळ्या नजरेने. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाइकाची कीर्ती तीन शतके टिकली ती त्याच्या कानांची, डोळ्यांची आणि सोंगांची. त्याच्या कमरेला कोणते शस्त्र होते हे कोणी विचारीत नाही. हेर आपल्याकडून नेतो ती बातमी, आणि मागे ठेवून जातो तो अविश्वास. यांतल्या दुसऱ्या गोष्टीपासून जपणे अधिक कठीण.

त्या हंगामानंतर आम्ही एक रीत पाडली, ती आजही चालू आहे. आमच्या सभा आता बंद दाराआड होत नाहीत. कपाशीच्या बाजारात, झाडाखाली, सर्वांदेखत बसतो. ठराव मोठ्याने वाचतो आणि त्याची एक प्रत आम्हीच मालकाच्या फाटकावर नेऊन देतो. ज्याला बातमी विकावयाची असेल त्याच्याजवळ विकण्यासारखे काही उरत नाही. आणि कोणाबद्दल मनात शंका आली, तर त्यालाच बाजूला घेऊन, चहा पाजून, आधी विचारतो.